हापूसची माटवी

पोपट बोलतो, ही अफवा ज्याने पसरवली तो मला एकदा भेटायला हवा. त्याला मी आमच्या काळाचौकीच्या चाळीत, पहिल्या मजल्यावर, खोली नंबर सतरात आणून बसवीन आणि त्याच्या पुढ्यात हापूसला सोडीन. हापूस बोलत नाही. हापूस चावतो. टीव्हीच्या रिमोटची बटणं, माझ्या चपलेचा अंगठा, सीमाच्या लाटण्याची मूठ, गॅस सिलिंडरचं पुस्तक, असं त्याने आजवर काय काय पचवलंय. पचवलंय हेही चूक. तो खात नाही. भुगा करतो आणि भुग्याकडे असं बघतो की जणू आपणच कुणीतरी त्याला हे काम दिलं होतं.

हापूस म्हणजे आमच्या मुलीचा, अक्षदाचा पक्षी. पिवळाधमक, गालावर केशरी, पंखाच्या टोकाला हिरवा. जातीने सन कॉन्यूर, म्हणजे परदेशी, आणि त्याच्या नोंदणीचा कागद माझ्याकडे आहे. हे आधीच सांगतो, कारण चाळीतल्या प्रत्येक शहाण्याने मला जिन्यात गाठून "आपल्याकडचा पोपट पाळणं गुन्हा आहे हां, आनंदाभाऊ" असं सांगितलंय. ज्यांनी स्वतःच्या खोलीचं भाडं कधी वेळेवर भरलं नाही, त्यांना कायदा फक्त माझ्याच बाबतीत आठवतो.

अक्षदा बंगळुरूला नोकरीला गेली आणि पक्षी आमच्याकडे राहिला. रोज संध्याकाळी साडेसातला तिचा व्हिडिओ कॉल येतो. वीस मिनिटं. त्यातली सोळा हापूसची. तो मान वाकडी करतो, ती तिकडे मान वाकडी करते. तीन मिनिटं आईची. उरलेल्या एका मिनिटात मला "बाबा, गोळ्या घेता ना?" मी "घेतो" म्हणेपर्यंत फोन बंद. हापूस येण्याआधी अक्षदा हॉस्टेलवर होती तेव्हा आठवड्यातून एक फोन यायचा, तोही आम्ही केला तर. एवढं गणित मला येतं. पक्षी गेला की कॉल गेला. हे मी कुणाला बोललो नाही. चारचौघांत मी त्याला 'ती ब्याद'च म्हणतो.

तर एका रविवारी राजेश दारात उभा. राजेश हा आमच्या रहिवासी संघाचा सेक्रेटरी. या माणसाला निवडून दिल्यापासून त्याच्या खिशात कायम मोजपट्टी असते.

"आनंदाभाऊ, बाहेर या जरा."

गॅलरीच्या लाकडी कठड्यावर त्याने पट्टी लावली. "चार इंच. चार इंच सागवान खाल्लंय तुमच्या पोपटाने. आजोबांच्या काळचा कठडा आहे हा."

"खाल्लं नाही, कुरतडलं," मी म्हणालो. "आणि राजेश, याच कठड्यावर लोकांनी पन्नास वर्षं गाद्या झोडल्या, मसाल्याच्या मिरच्या वाळवल्या, तुझ्या बापाने विड्या विझवल्या. तेव्हा पट्टी कुठे होती?"

"ते सगळे भाडेकरू होते. हा नाहीये. दोन आठवड्यांनी रविवारी सभा आहे. तोपर्यंत आणखी एक चावा दिसला तर पक्षी चाळीबाहेर. ठराव तयार आहे, तारीख टाकायची बाकी आहे."

पट्टी 'सटाक्' करून आत गेली. मी रागाने घरात आलो, तर सीमा पिंजऱ्याजवळ बसलेली. तिच्या हातात हिरवी-पिवळी पिसं.

"अहो, हा स्वतःचीच पिसं उपटतोय."

पंखाची लांब पिसं त्याने अशी साफ केली होती की उडायचं म्हटलं तरी पंख्यावरून पडलेल्या टॉवेलइतकंच उडता येईल.

पक्ष्यांच्या डॉक्टर गिरगावात. मांडीवर पिंजरा घेऊन टॅक्सीत बसलेल्या सत्तावन्न वर्षांच्या माणसाला या शहरात कोणी इज्जत देत नाही. टॅक्सीवाल्याने चिंचपोकळीला विचारलं, "अंकल, बोलता है क्या?" भायखळ्याला पुन्हा, "कुछ तो बोलता होगा." चर्नी रोडला उतरताना मी त्याला म्हणालो, "बोलता है, पर टॅक्सीवाले से नहीं."

डॉक्टर अवनी पोरगेलेशी, पण माझ्यावर ओरडायला तिला वय आड आलं नाही.

"काका, याला कंटाळा आलाय. जंगलात असता तर दिवसभर फांद्या, साली, बिया फोडत बसला असता. चावायला काही नाही म्हणून कठडा चावतो, कठड्यावरून हाकलला की स्वतःला चावतो. आत्तापर्यंत काय दिलंय खेळायला?"

मी अभिमानाने दादरच्या दुकानातून आणलेला प्लास्टिकचा झोका, आरसा आणि घंटी सांगितली.

"घंटी कशाची? तारेला चकचकीत मुलामा आहे? काढा. जस्त पोटात गेलं तर मरेल. प्लास्टिकचे तुकडे आतड्यात अडकतात. दोरी सुटी होणारी नको, पाय अडकतो. रंग नको, व्हार्निश नको, प्लायवूड नको, त्यात गोंद असतो."

"मग द्यायचं काय, आशीर्वाद?"

"नारळाची करवंटी. बांबू. पेरूच्या फांद्या. मक्याची कणसं. खराट्याला लागतात ते झावळ्यांचे हीर. पुठ्ठा, पण छपाई नसलेला. आणि टांगून द्या, म्हणजे त्याला कष्ट पडतील. उन्हात, हवेत, जिथे माणसं दिसतील तिथे."

म्हणजे गॅलरीत. म्हणजे राजेशच्या नाकासमोर.

घरी आलो तर शेजारच्या सोळा नंबरमधला गौतम सल्ला घेऊन तयार. गौतमला जगातल्या सगळ्या गोष्टी माहीत आहेत, कारण तो कामाला जात नाही. "लाकूड? अरे भाऊ, आधी बोलायचं ना! मंडपवाल्याकडे ढीग पडलाय." तासाभरात तो एक फळी घेऊन आला. फळीच्या एका बाजूला सोनेरी रंग, दुसऱ्या बाजूला अर्धा हत्ती. गेल्या वर्षीच्या देखाव्याचा.

"याला रंग आहे, गौतम."

"नॅचरल आहे. सोनं म्हणजे धातूच ना?"

"आणि हे प्लायवूड आहे."

"प्लाय म्हणजे काय? लाकडावर लाकूड! डबल फायदा."

मी ती फळी त्याच्याच दाराला टेकवून ठेवली. पुढचे चार दिवस त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत अर्ध्या हत्तीने केलं.

शेवटी मीच बसलो. मी खोटं बोलणार नाही, मला सुतारकाम येत नाही. तरी परळच्या नारळवाल्याकडून करवंट्या आणल्या, घासल्या, उकळल्या. लालबागच्या बुरुडाकडून बांबू आणला, बिनरंगाचा. त्याच्या कामट्या काढून आडव्याउभ्या बांधल्या, एक चौकट तयार झाली. बांधायला ताग, गाठी आवळून, टोकं कापून. त्या चौकटीला करवंट्या, पेरूच्या काटक्या, कणसं, हिरांची जुडी, मधे एक अख्खी काकडी. भोकं पाडताना अंगठा फोडून घेतला, पण वस्तू झाली. सीमाने लांबून बघितलं आणि म्हणाली, "अहो, ही तर माटवी झाली."

ज्यांचं गाव कोकणात नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, फुलं, पानं, नारळ, काकडी, सुपारीचे घोस बांधतात. ती माटवी. मी खुळ्यासारखा बघत राहिलो. हात सत्तावन्न वर्षांनी तेच करून बसले होते जे त्यांना येत होतं.

आता टांगायची. त्यासाठी गॅलरीच्या वाशाला हूक. हूक म्हटल्यावर राजेशची पट्टी बाहेर. "वाशाला हात लावायचा नाही. मालकाच्या ऑफिसची लेखी परवानगी आणा."

मालकाचं ऑफिस पुन्हा गिरगावात. हे लोक चाळी आमच्याकडे ठेवतात आणि पंखे स्वतःकडे. टेबलामागे अनिमेष नावाचा कारकून. बोलणं इतकं सभ्य, की शिवी द्यायला जागाच सापडेना.

"आपण बसावं. हा फॉर्म. 'टांगावयाच्या वस्तूचा प्रकार', इथे खूण करा."

छापलेले तीनच प्रकार. कंदील. पाळणा. माटवी.

"माझं खेळणं आहे. पक्ष्याचं. 'इतर' नाही का?"

"पूर्वी होतं. एका गृहस्थांनी 'इतर'मध्ये कूलर टांगला. तो खाली आला. गृहस्थही थोडेसे आले. तेव्हापासून 'इतर' काढून टाकलं."

"मग मी काय लिहू? पक्षी कंदिलात बसवू?"

अनिमेषने मी काढून नेलेला फोटो बघितला. चष्मा वर केला. "ही माटवी आहे."

"दिसते तशी. पण ती पोपटाने चावायची आहे."

"वापराचा रकाना फॉर्मवर नाही," तो अत्यंत आदराने म्हणाला. "विसर्जनाची तारीख तेवढी लागेल. तोपर्यंतच परवानगी."

"जानेवारीत कसलं विसर्जन?"

"अनंत चतुर्दशी लिहा. आठ महिने सुटलात."

लिहिली. शिक्का बसला. या देशात खरं बोलणाऱ्याला रांग आणि जवळपासचं बोलणाऱ्याला शिक्का मिळतो, हे मला त्या दिवशी कळलं आणि पटलंही.

राजेशला कागद दिला. त्याला नाही म्हणता येईना. सूड म्हणून त्याने नियमावर बोट ठेवलं आणि परवानगीची नक्कल फळ्यावर लावली: 'खोली क्र. १७, श्री. आनंदा घाडी यांना गॅलरीत माटवी टांगण्यास परवानगी देण्यात येत आहे.'

एवढंच वाक्य. पोपटाचा त्यात उल्लेख नाही. आणि पुढच्या रविवारी, सभेच्याच दिवशी, माघी गणेशजयंती.

मी सांगायला नको. चाळीने दोन आणि दोन जोडून अकरा केले. घाड्यांकडे माघी गणपती! जिन्यात लोक मला नमस्कार करायला लागले. ज्याने सहा वर्षं तोंड फिरवलं होतं तो तळमजल्याचा कदम म्हणाला, "आनंदा, नवस होता का रे?" भजनी मंडळाचे बुवा वेळ विचारून गेले. आरतीच्या ताटाची वाटणी आपसांत झाली. मी प्रत्येकाला सांगत होतो, "अहो गणपती नाही, पोपट आहे." ते हसून म्हणत, "देवाचंच रूप." गौतमला मी ओरडून सांगितलं, तर तो म्हणाला, "भाऊ, मोठी माणसं अशीच लपवतात."

खरं सांगायचं तर मीही फार जोर लावला नाही. कारण माटवी टांगली आणि हापूस बदलला. सकाळी पिंजरा चौकटीला लावून उघडला की तो थेट चौकटीवर. करवंटीवर तुटून पडायचा, हीर एकेक सोलायचा, काकडीच्या बिया कोरून काढायचा. कठड्याकडे ढुंकून बघेना. पिसं उपटायचं थांबलं. अक्षदाने कॉलवर बघितलं आणि किंचाळली, "कोणी बनवलं हे?" सीमा म्हणाली, "बाबांनी." त्या दिवशी मला दोन मिनिटं मिळाली.

पण माटवी रिकामी दिसली की आमच्या लोकांना बघवत नाही. मी कामावरून येईपर्यंत तिला काहीतरी वाढलेलं असायचं. आज कुणी सुपारीचा घोस बांधला, उद्या प्लास्टिकची आंब्याची पानं, परवा चमकीचं तोरण. मी रोज संध्याकाळी दारात उभा राहून सोलायचो आणि लोक रोज सकाळी बांधायचे. सुपारी पक्ष्याला चालत नाही, चमकी चालत नाही. मी चौकटीला पाटी लावली: 'कृपया काही बांधू नये.' दुसऱ्या दिवशी पाटीला हार.

रविवार उजाडला. सभा संध्याकाळी सहाला, आमच्याच मजल्यावर, गॅलरीत. राजेशने सकाळीच कठडा मोजला. चार इंचांचे चारच इंच. नवीन चावा नाही. मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. जिंकलेल्या माणसाने कसं उभं राहायचं याचा सराव केला.

साडेपाचला शेवंतीकाकी आल्या. तिसऱ्या मजल्यावरून, एकेक पायरी बसत. वय ऐंशीच्या पुढे, आणि चाळीत अशी एकच व्यक्ती जिला राजेशही मोजत नाही. पदराखाली काहीतरी लपवलेलं.

"आनंदा, तुझ्या माटवेक कवंडळ नाय रे."

"काकी, ती माटवी नाही. पोपटाचं—"

"माका शिकव नको. कवंडळाशिवाय माटवी म्हंजे मुंडावळ्यांशिवाय नवरो. लाज आसा काय तुका? तुझो आजो असतो तर कानाखाली दिल्यान असती." आणि मी खुर्च्या मांडायला वळलो तेवढ्यात त्यांनी गणपतीत गावाहून आणलेलं, सुकून लालभडक झालेलं कवंडळ चौकटीला बांधून टाकलं.

कवंडळ म्हणजे माटवीला बांधायचं रानवेलीचं फळ, दिसायला देखणं. पण ते विषारी. कडू आणि विषारी, लहानपणापासून आम्हाला हात लावू दिलेला नाही. मी मागे वळलो तर हापूसने ते चोचीत धरून देठापासून तोडलेलं.

"सोड! हापूस, सोड!"

तो घाबरला. उडता तर येत नव्हतं. कवंडळ चोचीत घेऊन टुणकन कठड्याखाली, लाकडी गजांमधून पलीकडे, बाहेरच्या छज्ज्याच्या पट्टीवर. तिथे आरामात बसून एक पाय वर करून त्याने फळ पायात धरलं आणि चोच उघडली.

मी विचार केला नाही. गुडघ्यावर बसलो, दोन गजांमधून डोकं घातलं आणि त्याच्या तोंडावर जाऊन असा ओरडलो की कवंडळ त्याच्या पायातून निसटून खाली गल्लीत पडलं. फुटलंही नव्हतं. मी वरून नीट बघितलं. साल शाबूत होती.

मग मी डोकं मागे घेतलं. डोकं आलं नाही.

कान अडले. आत जाताना कान मागे झोपले होते, बाहेर येताना उभे राहिले. सीमाने खोबरेल ओतलं. गौतम आला, खाली वाकला आणि म्हणाला, "भाऊ, जसं गेलं तसंच उलटं काढायचं. मी बकरीचं पाहिलंय मोबाइलवर. बकरी निघाली."

"मग बकरीला बोलव!"

एव्हाना भजनी मंडळ मृदंग घेऊन पोचलं होतं. सभेची माणसं जमली. गल्लीत गर्दी. खालून एका बाईने वर बघून हात जोडले. मला की माटवीला, ते मी विचारलं नाही. हापूस पट्टीवरून चालत आला, माझ्या डोक्यावर चढला, आणि तेलकट केसांतून उतरून चष्म्याची काडी चावायला लागला.

"सीमा! चष्मा काढ आधी!" मी ओरडलो.

"अहो, मान निघत नाहीये आणि चष्म्याचं काय—"

"प्लास्टिक आहे ते! तुकडा पोटात गेला तर मरेल तो!"

 मृदंग जुळवणारा थांबला. कदमचा आवाज आला, "आयला, याचा जीव आहे रे पोपटावर." माझी मान गजांत होती, त्यामुळे कुणाला तोंड दिसलं नाही, हे एक बरं झालं.

सुतार आला. तो म्हणाला, गज कापावा लागेल.

"थांबा," राजेश म्हणाला. "कठडा कापायचा तर ठराव लागेल."

"माझं डोकं आहे रे ते!"

"डोकं तुमचं आहे, आनंदाभाऊ. कठडा सर्वांचा आहे."

आणि त्या माणसाने, माझ्या पाठीमागे खुर्च्या मांडून, हजेरी घेऊन, मागील सभेचं इतिवृत्त वाचून सभा चालवली. मला सगळं ऐकू येत होतं, दिसत होता फक्त समोरच्या चाळीचा दूधवाला. कोरम भरत नव्हता. माझी हजेरी लावायची का यावर वाद झाला. मी गॅलरीत आहे की गॅलरीबाहेर? शेवटी धड आत असल्यामुळे लावली. एक गज कापायला मंजुरी. सुतार म्हणाला, एकाने भागणार नाही, कान मोठे आहेत. पुन्हा मतदान. दोन गज.

करवत चालू असताना पोपटाचा विषय पुकारला गेला. राजेशने पट्टी काढली असावी, आवाजावरून कळलं.

"पक्ष्याने केलेलं नुकसान, चार इंच. गेल्या दोन आठवड्यांत नवीन नाही."

"आणि आज?" शेवंतीकाकींनी विचारलं.

"आज दोन गज. अडीच-अडीच फूट."

"ते कोणी केल्यान?"

पट्टी 'सटाक्' करून आत गेली. मग कागदाचा आवाज आला. ठराव तयारच होता, त्याने फक्त नाव बदललं असावं. काकींनी मांडला, कदमने अनुमोदन दिलं, आणि कठड्यातून सुटून मी लाल कानांनी उभा राहिलो तेव्हा तो एकमताने मंजूर झालेला होता: 'पक्ष्यास गॅलरीत राहण्यास संघाची हरकत नाही. श्री. आनंदा घाडी यांना कठड्यापासून दोन फुटांच्या आत उभे राहण्यास मनाई करण्यात येत आहे.'

मी विरोधात मत द्यायला हात वर केला. सगळ्यांना वाटलं कान चोळतोय.

साडेसातला कॉल आला. मृदंग आलेच होते म्हणून बुवांनी भजन सुरू केलं होतं, काकी माटवीखाली बसून टाळ्या वाजवत होत्या आणि चौकटीवर हापूस कणीस सोलत होता. अक्षदाने माझे कान बघितले. सीमाने सुरुवातीपासून सांगितलं, बकरीसकट.

त्या दिवशी कॉल पाऊण तास चालला. अर्धा तास हापूसचा, पाच मिनिटं आईची. दहा मिनिटं माझी, आणि त्यातली नऊ ती नुसती हसत होती.

चालेल.